वाचलेला अर्धा तास

वाचला म्हणे! वेळ वाचला! भिंतीवर हा एवढा मोठा कागद लावलाय, लाल-निळ्या रेघा, वर ठळक अक्षरात 'आपण एकसष्ट तास वाचवले', आणि खाली टाळ्या वाजवणाऱ्या हातांचं चित्र... अहो, पण मग ते तास गेले कुठे? कपाटात ठेवलेत का? मी कपाट उघडून बघितलं, तुम्हाला सांगतो, खरंच बघितलं, आत जुन्या नोंदवह्या आणि झाडूचा तुटका दांडा! बसा ना तुम्ही, उभे का? खुर्ची एकच आहे, आळीपाळीने बसा, फक्त तिच्या पाठीवरचा तो शर्ट आहे ना, निळ्या चौकड्यांचा, त्याला हात लावू नका, तो कुणाचा ते सांगतो, सगळं सांगतो, माझ्याकडे अर्धा तास आहे. त्यात डबा खायचाय मला, पण ते राहू द्या, ते रोजच राहतं.

तर मी इथला कारकून. एकोणीस वर्षं झाली. आमची संस्था काय करते, तर ज्याचं कुणी नाही त्याचं शेवटचं सगळं करते. रुग्णालयातून फोन येतो, "एक आहे, नाव नाही," किंवा "नाव आहे पण माणसं नाहीत," की आमचा ड्रायव्हर गाडी घेऊन जातो, त्या माणसाला इथे आणतो, मावशी आंघोळ घालतात, केस विंचरतात, स्वच्छ चादर घालतात, मी वर्णन लिहितो, उंची, अंदाजे वय, अंगावरच्या खुणा... आणि मग आम्ही काय करायचो माहितीये? काहीच नाही! अर्धा तास नुसते थांबायचो. ही खुर्ची दारासमोर ठेवायची, रिकामी, आणि थांबायचं. संस्था काढणाऱ्या मोठ्या बाईंचा नियम होता तो. "कुणाचं तरी कुणीतरी असतंच," त्या म्हणायच्या, "येता येता उशीर होतो एखाद्याला. अर्धा तास थांबलो तर आपलं काय जातंय?" आता मोठ्या बाई नाहीत, त्यांनाही अर्धा तास थांबवूनच पाठवलं, पण नियम राहिला.

आलं का कुणी, म्हणाल. आलं की! एकोणीस वर्षांत तीन जण आले. एक आई आली होती. एक दूधवाला आला, रोज दार उघडणारे आजोबा दोन दिवस दार का उघडत नाहीत म्हणून विचारत विचारत. आणि एक बाई आल्या त्या पत्ता चुकून, त्यांना शेजारच्या शिवणकामाच्या दुकानात जायचं होतं, पण त्या म्हणाल्या, "आता आलेच आहे तर बसते," आणि अनोळखी माणसासाठी पूर्ण अर्धा तास ब्लाउजपीस मांडीवर घेऊन बसल्या. तीन म्हणजे कमी आहेत, मान्य. पण शून्य नाहीत ना!

आणि मग आला घड्याळ्या. तुम्हाला सांगतो, माणूस वाईट नाही, अजिबात नाही, मी कुणाच्या पाठीमागे खोटं बोलत नाही. बिस्किटांच्या कारखान्यात मोठ्या हुद्द्यावर आहे, गळ्यात फितीला अडकवलेलं सेकंद मोजायचं घड्याळ, हातात पिवळ्या चिठ्ठ्यांचा गठ्ठा, आणि येताना दर वेळी दोन पुडे बिस्किटं. समाजासाठी काहीतरी करावं असं त्याच्या मनात आलं. फुकट. आमचे अध्यक्ष तर विरघळलेच. "हे आपल्या कामाची पद्धत सुधारून देणार आहेत," म्हणाले, "कारखान्यात यांनी एक बिस्कीट गुंडाळायचा वेळ निम्म्यावर आणला!" आम्ही एकमेकांकडे बघितलं. आमच्याकडे बिस्किटं नव्हती हो!

पहिल्याच दिवशी त्याने विचारलं, "आपला ग्राहक कोण?" मावशींनी हळूच टेबलाकडे बोट दाखवलं, चादरीखाली कुणीतरी होतं. तो जरा चपापला, मग म्हणाला, "ठीक आहे. ग्राहकाच्या तक्रारी किती?" मी म्हटलं, "आजवर एकही नाही." "वा! म्हणजे समाधान शंभर टक्के!" आणि लिहून घेतलं, तुम्हाला सांगतो, लिहून घेतलं! मग मावशींच्या मागे फिरला, त्या कुठून कुठे जातात त्याच्या रेघा कागदावर काढल्या, आणि म्हणाला, "मावशी, तुम्ही या एका खोलीत रोज चार किलोमीटर चालता." मावशी फुलून गेल्या. "चार? लिहून द्या हो, सुनेला दाखवते, ती म्हणते मी दिवसभर बसून असते!" त्यांना वाटलं कौतुक चाललंय. त्याने बादली मोरीजवळ आणली, चादरींचं कपाट टेबलाजवळ आणलं, चार किलोमीटरचा एक झाला. गुडघे दुखायचे कमी झाले मावशींचे, खोटं कशाला बोलू? सगळंच काही वाईट केलं नाही त्याने.

पण मग तो खुर्चीपाशी आला. "ही कोण वापरतं?" कुणी नाही. "मग इथे का?" येणाऱ्यासाठी. त्यांची एक पद्धत असते, एका गोष्टीला पाच वेळा 'का' विचारायचं, म्हणजे मुळाशी पोचता येतं. "का थांबता?" कुणी येईल म्हणून. "का येईल?" कुणाचं तरी कुणीतरी असतंच. "का असतं?" मावशींनी कमरेवर हात ठेवले आणि म्हणाल्या, "तुला आई नाही का रे?" त्याने चिठ्ठीवर लिहिलं, 'आई', भिंतीवर चिकटवली, थोडा वेळ तिच्याकडे बघत राहिला, आणि मग घड्याळ बघून म्हणाला, "पुढे जाऊ या." पाचव्या 'का'ला तो पोचलाच नाही. खुर्चीला नको असलेल्या वस्तूची लाल चिठ्ठी लागली आणि खुर्ची गेली अडगळीत. थांबणं बंद. स्मशानाकडे गाडी साडेबाराला सुटणार म्हणजे सुटणार, जेवढे तयार असतील तेवढे एका फेरीत. वेळ वाचला!

जमिनीवर मात्र चार खुणा राहिल्या. चार पायांच्या, इतक्या वर्षांत फरशीत उतरलेल्या. घड्याळ्याने प्रत्येक वस्तूभोवती पिवळ्या रंगाची चौकट काढली होती, बादलीची चौकट, झाडूची चौकट, फक्त त्या जागेला चौकट नाही, तिथे काहीच नाही, आणि तरीसुद्धा आम्ही सगळे त्या जागेला वळसा घालून जायचो. ड्रायव्हरसुद्धा. तो तर कशालाच मानत नाही, "मी गाडी चालवतो, मागे वळून बघत नाही," हे त्याचं ठरलेलं वाक्य, पण वळसा तोही घालायचा.

आणि चौथ्या दिवशी... आता हे तुमच्यासमोर कसं सांगू, पण तुम्हाला तरी त्यात काय नवल वाटणार म्हणा! चौथ्या दिवशी साडेबाराला गाडी गेली, आणि बरोबर एकच्या ठोक्याला दारात एक बाई. साठीच्या. केस ओले, नुकतेच विंचरलेले. अगदी हळू आवाजात म्हणाल्या, "इथे आणलंय म्हणे... अर्धा तास थांबतात ना इथे?" मी म्हटलं, "बाई, गाडी गेली हो." "गेली का?" त्यांनी फरशीवरच्या त्या चार खुणांकडे बघितलं. "इथे खुर्ची असते असं ऐकलं होतं." मी म्हटलं, "काढली." त्या म्हणाल्या, "बरं बरं." आणि गेल्या. भांडल्या नाहीत, रडल्या नाहीत, बरं बरं! मी आपलं चौकशीच्या वहीत लिहिलं, स्त्री, साठीच्या आसपास, डाव्या मनगटावर भाजल्याचा डाग... आणि पेन थांबलं माझं. कारण हेच वाक्य मी सकाळी एकदा लिहिलं होतं. दुसऱ्या वहीत.

बहीण असेल, म्हटलं. जुळी बहीण असेल. जुळ्या बहिणी चुलीपाशी एकदमच भाजल्या असतील! माणूस स्वतःला काय वाटेल ते पटवतो हो. पण दुसऱ्या दिवशी करंगळी नसलेला माणूस आला, आणि त्याच्या दुसऱ्या दिवशी... तर असो. एकला यायचे. विचारायचे. "बरं बरं" म्हणायचे आणि जायचे. त्यांना सवय होती, तुम्हाला सांगतो. जन्मभर सगळीकडे 'आत्ताच गेली' ऐकायची सवय. मला त्याचंच जास्त वाईट वाटायचं. भीती? भीती वाटली ना! पहिल्या आठवड्यात एक वाजायच्या आत मी सगळे दिवे लावून ठेवायचो. पण भीतीचं काय आहे, ती एकच्या सुमाराला रोज यायला लागली की तिचीही सवय होते.

आणि घड्याळ्याला आनंद! वही बघून म्हणाला, "काका, हे फार सुंदर आहे! गाडीतून गेले नऊ, चौकशीला आले नऊ. गेले चौदा, आले चौदा. इतके तंतोतंत आकडे मी कारखान्यातसुद्धा बघितले नाहीत!" मी म्हटलं, "साहेब, तुम्हाला त्यात काही वेगळं वाटत नाही का?" "वाटतं ना," म्हणाला, "सगळे एकलाच का येतात? गर्दी होते. आपण टोकन यंत्र बसवू." बसवलं! दाराशी, बटण दाबा, नंबर घ्या. मला एक खिडकी करून दिली, एक ते दीड, आणि एक वाक्य पाठ करायला दिलं, "आपली चौकशी आमच्यासाठी महत्त्वाची आहे, गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत." आठवडाभर तालीम घेतली माझी. "काका, हसून म्हणा!" एकदा तो स्वतः बघायला आला, एक वाजता, इथेच उभा राहिला. "कुणीच नाही की," म्हणाला, आणि वळताना एका आजोबांच्या इतक्या जवळून गेला... इतक्या... म्हणजे मधे जागाच नव्हती. त्याने शर्टाच्या बाह्या खाली ओढल्या. "पंखा बंद करा काका, गार वाटतंय." पंखा बंदच होता! आणि त्याच्या डोळ्यांदेखत यंत्रातून तीन टोकनं बाहेर आली. "यंत्र जरा संवेदनशील आहे," म्हणाला आणि निघून गेला. जरा भराभरच चालला.

आता शर्टाचं सांगतो.

मला एक मोठा भाऊ. दादा. मी सोळाचा, तो बावीसचा. वडिलांशी त्याचं कडाक्याचं भांडण झालं, घर सोडून निघाला, आणि जाताना मला निरोप ठेवला, 'धाकट्या, पाचला स्टँडवर ये, मी अर्धा तास थांबतो.' मी रुसलो होतो. कशावरून? शर्टावरून! माझा नवा शर्ट त्याने न विचारता घातला होता. म्हटलं, थांबू दे जरा. मुद्दाम रमतगमत गेलो, पाच चाळीसला पोचलो, दहा मिनिटं हो, फक्त दहा मिनिटं, आणि बाकावर हा शर्ट, व्यवस्थित घडी घातलेला. दादा गेलेला. त्याला झाली आता एकतीस वर्षं. पत्र नाही, फोन नाही. म्हणून तर मी या संस्थेत आलो! कुणाला सांगितलं नव्हतं, बायकोलासुद्धा नाही, तुम्हालाच सांगतोय. इथे आणलेल्या प्रत्येक माणसाचा चेहरा मी बघायचो. वर्णन लिहायचं हे निमित्त. आधी उजवा कान बघायचा, कारण दादाच्या उजव्या कानाची अर्धी पाळी नव्हती, आणि ती मीच चावून तोडली होती, पाच वर्षांचा असताना, पतंगावरून! चेहरा बदलतो, केस जातात, पण चावलेला कान कुठे जातोय? एकोणीस वर्षं कान बघितले मी. आणि दर वेळी, दुसऱ्याचा कान पूर्ण दिसला की इतकं हलकं वाटायचं, की मग त्या माणसाची लाज वाटायची.

घड्याळ्याने तेही वाचवलं. "चेहरा मावशीही बघतात आणि काकाही बघतात, एकच काम दोनदा कशाला?" नवा फॉर्म आला. मावशींनी आत खुणा करायच्या, मी बाहेर शिक्का मारायचा. मला बोलायला हवं होतं. पण काय बोलू? 'साहेब, मी भाऊ शोधतोय,' असं? एकोणीस वर्षं झाकलेलं त्या पिवळ्या चिठ्ठीवर चिकटवू? मी म्हटलं, फॉर्मवर कान असेल, वाचून कळेल. होता! कान होता फॉर्मवर. चौकोन दोनच, 'आहेत' आणि 'नाहीत'. मावशींची काय चूक? कान होते. त्यांनी 'आहेत'वर खूण केली.

विक्रमाचा दिवस होता तो. तीन माणसं, एकेचाळीस मिनिटांत, आणून, धुऊन, गाडीत. अध्यक्ष टाळ्या वाजवत होते, घड्याळ्याने बिस्किटांचा पुडा फोडला, मी तीन शिक्के मारले, धाड धाड धाड. साडेबाराला गाडी गेली. एक वाजता यंत्रातून तीन टोकनं निघाली. पहिल्या आजी, त्यांना वाक्य म्हणून दाखवलं, बरं बरं. दुसरा तरुण पोरगाच होता, त्यालाही तेच वाक्य, त्याचंही बरं बरं. मी मान खाली घालून तिसरी नोंद करायला घेतली आणि खिडकीशी कुणीतरी म्हणालं, "धाकट्या, अर्धा तास थांबायचं ठरलं होतं ना?"

मी वर बघितलं. उंच. एक खांदा खाली, तसाच. केस पांढरे, ओले. आणि कान...

आणि मी काय केलं असेल? एकतीस वर्षं मनात जे बोलणं घोकलं होतं, माफ कर, रुसलो होतो रे, आई शेवटपर्यंत दाराकडे बघायची, शर्ट ठेवलाय तुझ्यासाठी, हे सगळं ओठांवर आलं, आणि तोंडातून निघालं काय तर... "आपली चौकशी आमच्यासाठी महत्त्वाची आहे, गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत." हसून! तालीम झाली होती ना, आपोआप हसू आलं! दादाही हसला. अगदी तसाच, लहानपणी मी शाळेत कविता म्हणताना अडखळलो की हसायचा तसा. म्हणाला, "बरं बरं." आणि वळला. मी खिडकीतून हात घातला, मग दाराने धावलो, रस्त्यावर आलो, चपला एकीकडे, मी एकीकडे... रस्ता रिकामा. शिवणकामाच्या दुकानातली बाई विचारते, "काका, काय शोधताय?" या वेळी दहा मिनिटंही झाली नव्हती हो. मी वेळेवर होतो. अगदी समोर होतो!

तसाच अडगळीत गेलो, खुर्ची काढली, लाल चिठ्ठीसकट आणली आणि त्या चार खुणांवर ठेवली. पाय बरोब्बर बसले. दुसऱ्या दिवशी घड्याळ्या म्हणाला, "काका, हिला चौकट नाही." मी म्हटलं, "साहेब, तुम्ही एवढे तास वाचवलेत, त्यातला अर्धा मला द्या. एकच अर्धा. माझा भाऊ घाईत गेला." वाईट माणूस नाही म्हटलं ना मी? डोळ्यांत पाणी होतं त्याच्या. म्हणाला, "काका, वाचलेला वेळ असा काढून देता येत नाही. तो फक्त तक्त्यावर असतो." त्या दिवसापासून त्याने खुर्चीचं नाव काढलं नाही. पण सुधारणा सुधारणाच असते, महिनाअखेरीला त्याने पाहिलं, चौकशी खिडकीवर तक्रारी शून्य, म्हणजे खिडकीची गरज नाही, खिडकी बंद, तो वेळ काकांना जेवायला दिला. एक ते दीड. यंत्र तेवढं काढायचं राहिलं.

म्हणून मग मी रोज एकला इथे बसतो. गाडी थांबत नाही, पण मी तर थांबू शकतो ना? तुमच्यासारखे येतात, त्यांना खुर्ची देतो, आणि बोलतो. गप्प बसलं तर अर्धा तास फार लांब होतो. परवा घड्याळ्या विचारत होता, "काका, जेवणाच्या सुट्टीत रिकाम्या खोलीत तुम्ही कुणाशी बोलता?" मी म्हटलं, "जेवतो." तो त्या चार खुणांना वळसा घालून गेला.

वाजला बघा दीड. कुणी आलं नाही तुमच्यासाठी... वाईट वाटून घेऊ नका, मी होतो की. मावशींनी केस छान विंचरलेत हो तुमचे, आणि तुमचे कान मी तुम्ही आत आलात तेव्हाच बघून घेतले, चौघांचेही पूर्ण आहेत, माफ करा, सवय आहे. निघा सावकाश. टोकन इथेच टाका डब्यात. आणि जाता जाता एक करा माझ्यासाठी. वाटेत कुणी उंच माणूस भेटला, एक खांदा खाली, उजव्या कानाची पाळी अर्धी, तर सांगा त्याला, धाकटा थांबलाय म्हणावं, खुर्ची परत आणलीये, शर्ट पाठीवर आहे, इस्त्री केलेला. आणि घाई करू नकोस म्हणावं. आमच्याकडे एकसष्ट तास शिल्लक आहेत!